मूल अठरा वर्षांचे झाले, आता सही कोणाची? कोल्हापूर जिल्ह्यात कायदेशीर पालकत्वाचा अर्ज

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या बँक खात्यावर आई पालक म्हणून सही करत असते. मुलाला अठरा पूर्ण झाली की बँक ती सही चालवून घेत नाही. खाते ‘सज्ञान’ करून घ्या, मुलाला घेऊन या, असे सांगितले जाते. यात बँकेचे काही चुकत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 प्रमाणे आई-वडील नैसर्गिक पालक असतात ते मूल अज्ञान असेपर्यंतच. त्यानंतर मूल स्वतः जेवू शकत नसले तरी कायद्याच्या लेखी ते सज्ञान आहे आणि त्याच्या वतीने सही करायला कोणीच नाही.

शेती असलेल्या घरात हाच अडथळा सातबाऱ्यावर दिसतो. वडील वारले, वारस नोंद झाली, मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लागले. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अठराचे झाले की त्या नोंदीचा आधार संपतो. पुढे वाटणी असो, पीककर्ज असो किंवा भूसंपादनाचा मोबदला असो, कागद तिथेच अडतो.

यावरचा रस्ता राष्ट्रीय न्यास अधिनियम 1999 मध्ये आहे. दिवाणी न्यायालयात दावा न लावता, वकील न देता, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून पालक नेमून घेता येतो. समितीवर राष्ट्रीय न्यासाकडे (या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या मंडळाकडे) नोंदणी असलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते.

कोणाला लागू, कोणाला नाही

हा कायदा चारच प्रकारांना लागू आहे: स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणे), बौद्धिक दिव्यांगता (कायद्यात अजून ‘मतिमंदत्व’ असाच शब्द आहे) आणि बहुदिव्यांगता. केवळ अंध, केवळ कर्णबधिर किंवा केवळ अस्थिव्यंग असलेल्या सज्ञान मुलाला पालक नेमायचा प्रश्नच येत नाही. तो स्वतः सही किंवा अंगठा करू शकतो आणि बँकेने तो मान्य करायलाच हवा. फक्त मानसिक आजार असेल तर त्याचा कायदा वेगळा आहे. तो अर्ज या समितीकडे करू नका.

चार प्रकारांत बसणाऱ्या प्रत्येकाला पालक हवाच असेही नाही. कलम 14 नुसार समितीने आधी पाहायचे असते की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. सौम्य प्रकारातली मुलगी एसटीने एकटी ये-जा करते, दुकानातून सुटे पैसे मोजून आणते, सही करते. तिच्यासाठी संयुक्त खाते पुरेसे होत असेल तर पालकत्व मागण्याची घाई करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पालक नेमला की तिचे निर्णय दुसऱ्याच्या हातात जातात आणि ते परत मिळवणे सोपे नसते.

आधी दिव्यांगत्व प्रमाणपत्र तपासा

बहुतेक अर्ज इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबू.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, हातात घ्या आणि दिव्यांगत्वाचा प्रकार काय छापला आहे तो वाचा. टक्केवारी नंतर बघा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला लहानपणी फक्त अस्थिरोग तज्ज्ञांनी तपासलेले असते आणि प्रमाणपत्रावर ‘चलनविषयक दिव्यांगता’ एवढेच येते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात सेरेब्रल पाल्सी चलनविषयक गटातच मोडते, त्यामुळे तसे लिहिणे पूर्ण चूक म्हणता येत नाही. पण पालकत्वासाठी तो कागद उपयोगाचा नाही, कारण त्यावरून मूल चार प्रकारांत बसते हे सिद्ध होत नाही. ‘सेरेब्रल पाल्सी’ हे शब्द प्रमाणपत्रावर यायला हवेत. सोबत बौद्धिक दिव्यांगता असेल तर तिचीही तपासणी करून बहुदिव्यांगता नोंदवून घ्या.

दुसरी गोष्ट मुदतीची. बौद्धिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने घ्यावे लागते. अठराव्या वर्षी मिळालेले आयुष्यभर चालते. म्हणजे ज्या वर्षी पालकत्वाचा अर्ज करायचा, नेमके त्याच वर्षी जुने प्रमाणपत्र कालबाह्य होते. प्रमाणपत्र देण्यासाठी वैद्यकीय प्राधिकरणाला 2024 च्या सुधारित नियमांनुसार तीन महिन्यांची मुदत आहे. तो वेळ हिशेबात धरून कागदपत्रांची तयारी सतरा-साडेसतराव्या वर्षीच सुरू करा.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडीसाठी नोंदणी स्वावलंबन पोर्टलवर होते. अर्ज भरताना तपासणीचे रुग्णालय निवडावे लागते. कोल्हापूर शहर आणि जवळच्या तालुक्यांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सीपीआर, सोयीचे. तपासणीला जाताना जुना बुद्ध्यांक अहवाल, शाळेचा दाखला, फिट्स येत असतील तर त्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. बौद्धिक दिव्यांगतेत व्हीएसएमएस ही सामाजिक परिपक्वता चाचणी वापरतात. गुण 55 ते 69 असतील तर 50 टक्के, 36 ते 54 असतील तर 75 टक्के असे कोष्टक ठरलेले आहे. या चाचणीत मूल घरी काय-काय स्वतः करते हे आईला विचारतात. तिथे कौतुकाने ‘सगळं करतो हो’ म्हणू नका. हाताला धरून करवून घ्यावे लागते ते तसेच सांगा. स्वमग्नतेसाठी आयएसएए ही वेगळी मोजपट्टी आहे.

मुलाचे आधार पंधराव्या वर्षानंतर बायोमेट्रिक अद्ययावत झालेले नसेल तर तेही आधी उरका. बोटांचे ठसे उमटत नसतील तर डोळ्यांच्या बुबुळांवर काम भागते. दोन्ही जमत नसेल तर अपवाद म्हणून नोंद करण्याची सोय आहे, ती केंद्रचालकाकडे आग्रहाने मागा.

अर्ज आणि कागद

अर्ज फॉर्म ए मध्ये करायचा. आई-वडील दोघे हयात असतील तर दोघांनी मिळून करावा. एकजण वारला असेल, घटस्फोट झाला असेल किंवा सोडून गेला असेल तर दुसऱ्याने एकट्याने करता येतो, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो. आई-वडील नसतील तर सख्खी भावंडे किंवा इतर नातेवाईक आणि तेही नसतील तर नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते.

सोबत मुलाचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी, मुलाचे व पालकाचे आधार, रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, पालक आणि मूल यांचा एकत्र फोटो, आणि मुलाच्या नावावर काही मालमत्ता असेल तर तिचे कागद: सातबारा, आठ-अ, पासबुक, मुदत ठेवीची पावती. पालक होऊ इच्छिणारा भारतीय नागरिक असावा, त्याला फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, तो दिवाळखोर नसावा आणि स्वतःच्या पोटासाठी दुसऱ्यावर अवलंबून नसावा. हे सगळे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. सज्ञान भावंडांची लेखी संमती जोडलेली बरी. विशेषतः जमीन असेल तर, कारण हरकत आली की प्रकरण पुढच्या बैठकीवर जाते.

नावातला फरक हे परत येणाऱ्या अर्जांचे नेहमीचे कारण. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे फक्त अद्याक्षर. मुलाचे पाळण्यातले नाव एक आणि शाळेतले दुसरे. आधार हे मूळ धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. जन्मतारखेत फरक असेल तर तो अर्जाआधीच मिटवा, तिथे प्रतिज्ञापत्राने भागत नाही.

अर्ज नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात, स्थानिक स्तर समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्यावा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. चंदगड किंवा गगनबावड्याहून येणाऱ्याचा अख्खा दिवस जातो, तेव्हा मूळ कागदही सोबतच असू द्या. कायद्याप्रमाणे समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. पुढची बैठक कधी आहे हे आवक क्रमांक सांगून विचारत राहा.

बैठकीला मुलालाही न्यावे लागते. नव्या जागी, गर्दीत मूल बिथरत असेल तर आधी कळवून लवकरची वेळ मागून घ्या. घरी येऊन पाहणी होऊ शकते. मूल कुठे झोपते, औषध कोण देते, दिवसभर कोणासोबत असते, असे साधे प्रश्न असतात. मंजुरी मिळाली की फॉर्म बी मध्ये नेमणुकीचा आदेश मिळतो.

आदेश मिळाल्यानंतर

पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या स्थावर-जंगम मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी फॉर्म सी मध्ये समितीला द्यायची. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे 30 जूनच्या आत, फॉर्म डी मध्ये जमाखर्च द्यायचा. हे बहुतेकजण विसरतात आणि कोणी तक्रार केली की अडचणीत येतात. एक साधी वही घालून त्यात जमा, औषधे, शाळेची फी, कपडे एवढे लिहीत गेले तरी फॉर्म भरणे अवघड नाही. पालक मुलाला छळतो, हेळसांड करतो किंवा त्याचे पैसे हडपतो असे दिसले तर आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढून टाकण्याचा अर्ज करू शकतात.

बँकेत आदेशाची साक्षांकित प्रत द्या. शाखेत ‘कोर्टाचा आदेश आणा’ असे सांगितले तर रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2007 च्या परिपत्रकाचा हवाला द्या. या समितीच्या प्रमाणपत्रावर खाते उघडून चालवू द्यावे असे त्यात स्पष्ट आहे.

निवृत्तिवेतनात या आदेशाचा मोठा उपयोग होतो. शासकीय नोकरीतल्या आई-वडिलांच्या पश्चात दिव्यांग अपत्याला अटींनुसार आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पीएफ कापला जातो त्यांच्यासाठीही 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. मात्र हयातीतच कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव आणि दिव्यांगत्व नोंदवून ठेवा. नंतर भाऊबंदांनी ते सिद्ध करत बसणे फार जिकिरीचे.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. किमान 40 टक्के दिव्यांगत्व आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत असावे लागते. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना महिना 2,500 रुपये आहेत. राष्ट्रीय न्यासाच्याच निरामय विम्यात याच चार प्रकारांना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीसुद्धा त्यात येते, आणि विम्याआधी वैद्यकीय तपासणी नसते. वर्ष एप्रिल ते मार्च असते, त्यामुळे नूतनीकरण फेब्रुवारीतच करून टाका.

आमच्या माघारी

मृत्युपत्रात ‘माझ्यानंतर थोरला मुलगा पालक’ असे लिहिले म्हणून तो आपोआप पालक होत नाही. त्याला समितीकडे नवा फॉर्म ए द्यावा लागतो. मृत्युपत्र तरीही करावे, कारण मालमत्ता कोणाला हे पालकत्वाच्या आदेशाने ठरत नाही. भाऊ-बहिणीपैकी जो पुढे सांभाळणार आहे त्याच्याकडे आत्ताच फॉर्म बी ची साक्षांकित प्रत, मूळ यूडीआयडी, सुरू असलेल्या औषधांची यादी आणि फॉर्म डी च्या पोचपावत्या एका फाइलमध्ये देऊन ठेवा. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले जोडून त्याने नवा अर्ज केला की समितीला जुने प्रकरण शोधावे लागत नाही.