आयोवाचे कृषी महाविद्यालय आणि त्याचे राज्य: पार्श्वभूमी

अमेरिकेच्या आयोवा राज्यातील एम्स या गावी आज जे मोठे विद्यापीठ उभे आहे, त्याची सनद १८५८ साली राज्याच्या विधिमंडळाने ‘कृषी महाविद्यालय आणि आदर्श शेत’ या नावाने दिली होती. मात्र सनद मिळाली तरी पैसा नव्हता. तो प्रश्न सुटला अब्राहम लिंकन यांनी २ जुलै १८६२ रोजी सही केलेल्या मॉरिल कायद्याने. केंद्रीय संसदेतील प्रत्येक प्रतिनिधीमागे तीस हजार एकर सार्वजनिक जमीन राज्याला द्यायची आणि तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारे निदान एक महाविद्यालय चालवायचे, अशी त्या कायद्याची योजना होती. याच स्वरूपाचे विधेयक तीन वर्षांपूर्वी राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवले होते. यादवी युद्धामुळे दक्षिणेकडील विरोधक संसदेबाहेर पडले, तेव्हा ते मंजूर होऊ शकले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात या अटी स्वीकारणारे पहिले विधिमंडळ आयोवाचे होते.

आयोवाच्या वाट्याला दोन लाखांहून अधिक एकर जमीन आली. अनेक राज्यांनी आपल्या वाट्याची जमीन किंवा तिची हक्कपत्रे घाईने मिळेल त्या भावाला विकली. आयोवाने मात्र बरीचशी जमीन पुढे खरेदीची मुभा ठेवून भाड्याने दिली आणि त्यामुळे महाविद्यालयाचा निधी तुलनेने भक्कम राहिला. या व्यवहारकुशलतेचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. वाटली गेलेली ही ‘सार्वजनिक’ जमीन सॉक, मेस्क्वाकी, डकोटा अशा मूळ रहिवासी जमातींकडून दडपणाखालच्या तहांनी घेतलेली होती.

१८६९ साली महाविद्यालय रीतसर सुरू झाले, पहिल्या तुकडीपासून मुलींसह. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे तेथे शिकलेले पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि पुढे तेथील पहिले कृष्णवर्णीय अध्यापक. तरीही सुरुवातीची काही दशके शेतकरी या संस्थेकडे संशयानेच पाहत. पुस्तकातली शेती शिकवणाऱ्यांकडे सांगण्यासारखे फारसे नव्हतेही, कारण स्थानिक माती आणि स्थानिक पिकांवरचे संशोधन जवळपास झालेलेच नव्हते. एम्स येथील प्राध्यापक सीमन नॅप यांनी प्रयोग केंद्रांसाठी केंद्रीय निधीची मागणी लावून धरली आणि १८८७ च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या केंद्राला वर्षाला पंधरा हजार डॉलर मिळू लागले.

संस्था आणि राज्य यांचे नाते खऱ्या अर्थाने जुळले ते मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तेही महाविद्यालयाच्या आवाराबाहेर. १९०२ साली रुजू झालेले पेरी होल्डन हे मक्याचे प्राध्यापक होते. १९०३ मध्ये सू परगण्यातील शेतकऱ्यांच्या मदतीने त्यांनी तेथेच प्रात्यक्षिके घेतली आणि १९०४ पासून रेल्वेगाडीच्या डब्यातून गावोगावी व्याख्याने सुरू केली. ठरलेल्या स्थानकावर गाडी थांबायची, शेतकरी डब्यात यायचे, आणि पेरणीपूर्वी प्रत्येक कणसाचे थोडे दाणे उगवून पाहा, हे त्यांना समजावले जायचे. उपाय बिनखर्चाचा होता आणि त्याचा गुण त्याच हंगामात दिसत असे. १९०६ साली आयोवाने कृषी विस्तारासाठी, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत नेण्याच्या कामासाठी, स्वतंत्र कायदा केला. देशभर अशी व्यवस्था उभारणारा स्मिथ–लिव्हर कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला.

होल्डन यांचेही सगळे बरोबर नव्हते. देखण्या, सारख्या ओळींच्या कणसांना ते प्रदर्शनात बक्षिसे देत. हेन्री वॉलेस या शाळकरी मुलाने तीच कणसे पेरून पाहिली आणि देखणेपणाचा उत्पादनाशी संबंध नसल्याचे दाखवले. हाच मुलगा पुढे एम्सचा पदवीधर झाला. १९२६ साली त्याने संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली आणि नंतर तो देशाचा कृषिमंत्री व उपराष्ट्राध्यक्षही झाला. संकरित मका आयोवात किती झपाट्याने पसरला, याचा अभ्यास एम्सच्याच ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी केला. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातील २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी १९२८ ते १९४१ या काळात हे बियाणे स्वीकारले होते. त्याबरोबर घरचे बियाणे राखण्याची रीत मोडली आणि शेतकरी दर वर्षी बियाणे विकत घेऊ लागला, हा बदल उत्पादनवाढीइतकाच मोठा होता.

ज्या शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर संस्था वाढली, त्यांच्यातील संघटित गटांना तिच्यावर आपला हक्क वाटणे स्वाभाविक होते. त्याचा प्रत्यय १९४३ मध्येच आला. युद्धकाळात मनुष्यबळ वाचवण्यासाठी लोण्याऐवजी मार्गरिन (तेलापासून बनवलेला लोण्याचा पर्याय) वापरावे आणि पोषणात ते लोण्याच्या तोडीचे आहे, असे मांडणारी ओ. एच. ब्राउनली यांची पुस्तिका अर्थशास्त्र विभागाने काढली. राज्यातील दुग्धव्यावसायिक खवळले आणि त्यांच्या दबावापुढे नमून महाविद्यालयाने पुस्तिका मागे घेतली. विभागप्रमुख थिओडोर शुल्ट्झ राजीनामा देऊन शिकागोला गेले. त्यांना १९७९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सुधारलेली पुस्तिका १९४४ मध्ये निघाली खरी, पण मूळ निष्कर्ष फारसा न बदलता, त्यामुळे माघार विज्ञानाची नव्हती हे उघडच झाले.

अध्यापन, संशोधन आणि विस्तार एका छताखाली ठेवणारा हा नमुना स्वातंत्र्यानंतर भारतानेही समोर ठेवला. पंतनगरचे विद्यापीठ १९६० साली इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने उभे राहिले, तर महाराष्ट्रासाठी पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाचे सहकार्य होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली. मात्र विस्ताराचे मुख्य काम आपल्याकडे राज्य सरकारच्या कृषी खात्याकडेच राहिले. त्यामुळे गावात शेतकऱ्याची रोजची गाठ पडते ती खात्याच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्याशी, आणि विद्यापीठाचा वाण त्याच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा खात्यामार्फत किंवा बियाण्याच्या दुकानातून.