पक्षी आणि कॅमेरा यांच्यामधली हवा

वसंताच्या सुरुवातीचे तीन-चार आठवडे पक्षी टिपणाऱ्यासाठी वर्षातले सर्वांत मोलाचे. पानगळीची झाडं अजून उघडीच असतात, त्यामुळे फांदीवरचा पक्षी आडोशाशिवाय दिसतो आणि नर सकाळचा बराच वेळ उंच, मोकळ्या जागी बसून गातो. महिन्याभरात तोच पक्षी पालवीत शिरतो, घरट्याच्या कामाला लागतो आणि तेव्हा त्याचा माग काढणं त्याच्या पिल्लांच्या जिवावर बेतू शकतं.

हे गाणं सुरू होतं दिवस लांबल्यामुळे. वसंतसंपाताच्या (दिवस आणि रात्र जवळपास समान होतात त्या दिवसाच्या) सुमारास, म्हणजे २० मार्चच्या आगेमागे (दक्षिण गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला), दिवस सर्वांत वेगाने वाढतो. ५० अंश अक्षांशावर रोज साडेतीन ते चार मिनिटांनी. पक्षी हा बदल फक्त डोळ्यांनी मोजत नाहीत. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूत खोलवर असलेल्या प्रकाशसंवेदी पेशींपर्यंत पोचतो, तिथून संप्रेरकांची साखळी सुरू होते आणि हिवाळ्यात आक्रसून गेलेले वृषण शेकडो पटींनी वाढतात. चिमणीच्या नराची फिकट चोच याच संप्रेरकामुळे काळी पडते. त्याच्या गळ्याखालचा काळा डाग मात्र नव्या पिसांचा नसतो. शरदात आलेल्या पिसांची राखाडी टोकं हिवाळाभर झिजत जातात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. चोच काळी दिसली की नर विणीच्या तयारीत आहे, हे कॅमेरा उचलण्याआधीच कळतं.

जागा आदल्या दिवशी नकाशावर ठरवावी. संपाताच्या दिवसांत सूर्य जवळपास नेमका पूर्वेला उगवतो, म्हणून सकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसता येईल अशी कडा शोधायची. त्याहून महत्त्वाचा वारा. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतो आणि तसाच उतरतो, कारण समोरून येणारी हवा पंखांना आयता उचल देते. ऊन आणि वारा दोन्ही आपल्या पाठीशी असतील, तर उडणारा पक्षी आपल्याकडे तोंड करून येतो. वारा समोरून असेल, तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात.

सूर्योदयाच्या पाऊण तास आधी जागेवर असावं. गाणं तेव्हाच सुरू होतं. उडत्या पक्ष्यासाठी प्रकाश अजून अपुरा असतो, पण गाण्याच्या जागा ऐकून ठरवता येतात. नर दोन-तीन ठरावीक फांद्यांवर फिरून फिरून येतो. पहिली २० मिनिटं फक्त पाहायचं, त्यातली पार्श्वभूमी लांब असलेली फांदी निवडायची आणि तिच्या उंचीच्या जवळपास कॅमेरा येईल असं बसायचं. कडाक्याची थंडी आणि दमट हवा असेल, तर इथे पाठीशी ऊन घेण्याचा नियम मुद्दाम मोडावा. पक्ष्याच्या शरीराचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं. पक्ष्याच्या मागून ऊन आणि त्यामागे गडद झाडी असेल, तर प्रत्येक सुराबरोबर चोचीतून निघालेली वाफ स्पष्ट उमटते.

आता वेगाचं गणित. छोटा पक्षी ताशी ३६ किलोमीटरने आडवा गेला, तर सेकंदाच्या २०००व्या भागात तो ५ मिलिमीटर सरकतो. ६०० मिमी लेन्समधून २० मीटरवरच्या पक्ष्याचं हे सरकणं सेन्सरवर ०.१५ मिमी होतं. पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल तर जवळपास ३८ पिक्सेलची फरफट. म्हणजे १/२००० लावूनही कॅमेरा स्थिर धरला तर फोटो पुसटच येणार. लेन्स पक्ष्याबरोबर फिरवत नेली, तरच ही फरफट मिटते आणि शटरला फक्त पंखांची फडफड थांबवायचं काम उरतं. छोट्या पक्ष्यांना १/२५०० ते १/३२००, बगळ्यासारख्या संथ पंखांच्या पक्ष्यांना १/१२५०, बसून गाणाऱ्याला १/५०० पुरतं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची क्षमता) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तर बेलाशक करावा. दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेलं पीस परत मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे मंद वाचनाच्या कॅमेऱ्यात फडफडणारे पंख वाकडे येतात. तिथे मेकॅनिकल शटर घ्यावं.

६०० मिमी लेन्स, एफ/६.३ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) आणि १० मीटर अंतर असेल, तर फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात सुस्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, जेमतेम १० सेंटिमीटर. पाच मीटरवर ती अडीच सेंटिमीटरवर येते. चोच आणि शेपूट दोन्ही स्पष्ट हवी असतील, तर पक्षी आडवा बसलेला असायला हवा. नाहीतर फोकस डोळ्यावर ठेवून बाकीचं सोडून द्यावं. पानं नसली तरी काटक्या असतातच आणि स्वयंचलित फोकस पुढच्या काटकीवर अडकतो. अशा वेळी फोकसचा मोठा झोन (पट्टा) सोडून एकच बिंदू वापरावा. एका क्षणी एकच फोटो घेण्यापेक्षा छोटा बर्स्ट (एका दमात सलग काही फोटो) बरा, कारण पक्ष्याच्या तिसऱ्या पापणीचा अर्धपारदर्शक पडदा डोळ्यावरून झर्रकन फिरतो. त्या क्षणी टिपलेला डोळा दुधाळ, निर्जीव दिसतो आणि मागच्या छोट्या पडद्यावर ते लक्षातही येत नाही.

सगळं बरोबर करूनही फोटो मऊ आला, तर लेन्सला दोष देण्याआधी हवा पाहावी. वसंताच्या सुरुवातीला हवा गार असते आणि ऊन पडलेली जमीन झपाट्याने तापते. जमिनीलगतचे गरम आणि थंड थर एकमेकांत मिसळतात, प्रत्येकातून प्रकाश थोडा वेगळा वाकतो आणि पिसांचे तपशील पुसले जातात. तापल्या रस्त्यावर मृगजळ दिसतं, ते याच वक्रीभवनामुळे. शटर कितीही वेगवान केलं तरी उपयोग नाही, कारण त्या एका क्षणातही वाकलेला प्रकाशच आत येतो. फोकस मात्र लागल्याचं कॅमेरा सांगत राहतो, म्हणून दोष सापडत नाही. नांगरलेली काळी जमीन, डांबर, दगडी बांध यांच्यावरून नेम धरणं टाळावं. गवत किंवा सावलीवरून धरावा. ऊबदार गाडीच्या खिडकीतून फोटो काढायचा असेल, तर हीटर बंद करून काचा उघड्या ठेवाव्यात आणि आतली हवा बाहेरइतकी गार होऊ द्यावी. घरातून आणलेली मोठी लेन्सही २०-३० मिनिटं बाहेर निवू द्यावी, नाहीतर तिच्या हूडमध्येच (पुढच्या नळीसारख्या झाकणात) गरम हवेची ही थरथर अडकते. यावरचा एकमेव खात्रीचा उपाय म्हणजे अंतर कमी करणं, आणि ते पक्ष्याच्या संमतीनेच कमी होतं.

ही संमती दिसते. चरणं थांबलं, मान उंचावली, अंग आखडलं किंवा पक्ष्याने विष्ठा टाकून पुढे झुकून पंख सैल केले, की आपण जास्त जवळ आलो आहोत. तिथेच थांबावं, नजर वळवावी, दोन पावलं मागे घ्यावीत. सरळ चालत जाण्यापेक्षा बसून वाट पाहणं नेहमीच सरस ठरतं. चोचीत काड्या किंवा अळ्या घेऊन तो फांदीवर ताटकळत असेल, तर घरटं जवळ आहे आणि आपण वाट अडवली आहे; लगेच निघावं. घरट्यापुढची डहाळी बाजूला करणं म्हणजे अंडी ऊन, थंडी आणि कावळ्यांच्या हवाली करणं. ध्वनिमुद्रित गाणं वाजवून नराला बोलावणंही आम्हाला मान्य नाही. तो नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्यात खाण्याचा वेळ घालवतो आणि पहाटे, रात्रभरच्या उपवासानंतर, तो त्याला परवडत नाही.

एक्स्पोजरबाबत थोडक्यात: कॅमेऱ्यातला प्रकाशमापक (मीटर) सगळ्याला मधला राखाडी समजतो. गडद झाडीपुढच्या पांढऱ्या बगळ्याला उणे एक स्टॉप (म्हणजे प्रकाश निम्मा), उजळ आकाशापुढच्या पक्ष्याला अधिक एक ते दोन. पारव्याच्या मानेवरची हिरवी-जांभळी झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांतल्या सूक्ष्म थरांची असते, त्यामुळे ती ऊन आणि कॅमेरा यांच्यातल्या कोनावर ठरते. झळाळी दिसत नसेल, तर सेटिंगला हात न लावता तीन-चार पावलं बाजूला सरकावं.

साडेदहानंतर गाणं मंदावतं आणि हवेची थरथर वाढते. उन्हं कलेपर्यंत गिधाडं, गरुड यांच्यासारखे घिरट्या घालणारे पक्षी टिपावेत; ते वर चढणाऱ्या गरम हवेच्याच आधाराने उडतात. संध्याकाळी घरी परतताना कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घ्यावी, कॅमेरा व लेन्स हवाबंद पिशवीत घालाव्यात आणि घरात पिशवी दोन तास उघडू नये. उबदार खोलीतली बाष्पाची हवा गार काचेला लागली, तर पाणी लेन्सच्या बाहेर साचतं तसंच आतही साचतं आणि आतलं फडक्याने पुसता येत नाही.