‘स्पायरल स्क्रॅच’ परत पाठवण्याआधी: सुई अडकलेली नाही

बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही सात इंची ईपी (चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड) आमच्या दुकानातून नेलेल्या ग्राहकांचा दोन-चार दिवसांत हमखास फोन येतो: “दुसऱ्या बाजूला सुई अडकतेय, बदलून द्या.” काहीजण न विचारताच कुरियरने परत पाठवतात. आम्ही लावून बघतो, सुरळीत वाजते, पुन्हा पाठवतो. आठवडा जातो आणि कुरियरचे पैसे दोनदा पडतात.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं ‘बोअरडम’. त्यातला गिटारचा सोलो फक्त दोन सुरांचा आहे. तेच दोन सूर, पुन्हा पुन्हा. गाणं कंटाळ्याबद्दलचं, म्हणून गिटारवादक पीट शेलीची गिटारही हट्टाने तिथेच घुटमळते. आमच्या मते सगळ्या ईपीतली सर्वांत धाडसी जागा हीच.

सुई खरोखर अडकली असेल तर एकटी गिटार नाही, ड्रम-बेससकट सगळाच तुकडा फिरून फिरून येतो, दर फेरीला ‘टक्’ होतं आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) जागचा हलत नाही. ‘बोअरडम’मध्ये गिटार थांबलेली वाटली तरी खाली जॉन माहरचे ड्रम पुढे चाललेले असतात आणि आर्म मधल्या कागदी लेबलकडे सरकत असतो. सरकतोय ना? मग हात लावू नका.

कारण खरं नुकसान इथेच होतं. आर्म बोटाने ढकलला की सुई खाचा ओलांडून जाते आणि धडधाकट तबकडीवर कायमचा ओरखडा उमटतो. हेडशेलवर (आर्मच्या टोकाला, सुईच्या वर) नाणं ठेवायची जुनी सवयही सोडा; जास्तीच्या वजनाने खाच झिजते. असा ओरखडा पडलेली रेकॉर्ड आम्ही परत घेत नाही. नियम कडक वाटेल, पण आमच्याकडची प्रत्येक रेकॉर्ड धुऊन, दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकूनच बाहेर पडते.

आवाज कच्चा वाटतो, हेही काहीजण सांगतात. तो तसाच आहे. २८ डिसेंबर १९७६ रोजी मँचेस्टरच्या इंडिगो स्टुडिओत एकाच दिवसात चारही गाणी ध्वनिमुद्रित झाली. निर्माता मार्टिन हॅनेट. घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेऊन बँडच्या पोरांनी ‘न्यू हॉर्मोन्स’ हे स्वतःचंच लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढलं आणि जानेवारी १९७७ मध्ये पहिल्या १,००० प्रती आणल्या. कोणतं गाणं कितव्या टेकचं (कितव्या प्रयत्नात वाजवलेलं), त्यावर नंतर वरून काही भरलंय का, हेसुद्धा त्यांनी कव्हरमागे छापलं. मोठ्या कंपनीवाचूनही रेकॉर्ड निघते, हे कितीतरी बँडना या ईपीने दाखवून दिलं. दहा मिनिटांच्या रेकॉर्डला एवढी किंमत का, याचं आमचं उत्तरही हेच.

आवृत्तीबद्दल थोडक्यात: कव्हरवर गायक हॉवर्ड डेव्होटोचं नाव वेगळं छापलेलं असेल तर प्रत १९७७ ची नाही, ते १९७९ च्या पुनर्मुद्रणावर आलं. डॉमिनो या रेकॉर्ड कंपनीने २०१७ मध्ये पुन्हा काढली. नुसतं ऐकायचं असेल तर हीच घ्या, पैसे वाचतील. आवृत्तीचं वर्ष आम्ही बिलावर लिहून देतो.

तरीही शंका वाटली तर पार्सल बांधण्याआधी फोन करा आणि तो स्पीकरजवळ धरा; अर्ध्या मिनिटात सांगतो. ‘टक्’ ऐकू आलंच तर आधी सुई तपासू. ती झिजली असेल तर बहुतेक प्लेअरच्या नव्या सुया दुकानात आहेत, बसवून आणि वजन लावून देण्याचे वेगळे पैसे नाहीत.