सिंफनी, उत्तर-स्वच्छंदतावादी : ध्वनिमुद्रणे व आस्वाद

साधारणपणे १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रुकनर, चायकॉव्हस्की, माहलर प्रभृतींनी रचलेल्या विस्तृत सिंफनींच्या (अनेक भागांच्या वाद्यवृंदरचनांच्या) मुद्रित वादनांचे तौलनिक श्रवण. कालमर्यादेविषयी एकमत नाही; काही जण सिबेलिअसलाही यात धरतात.

संचालक (वाद्यवृंदाचे नेतृत्व करणारा) ओस्कार फ्रीडने १९२४ मध्ये बर्लिनला माहलरची दुसरी सिंफनी भोंग्यासमोर, म्हणजे विजेविना ध्वनी टिपणाऱ्या पद्धतीने, मुद्रित केली. भोंग्यात डबल बेस (खर्जातले तंतुवाद्य) नीट उतरत नसे. त्यामुळे त्याच्या जागी वा जोडीला ट्यूबा (खर्जातले पितळी वाद्य) वापरण्याचा तेव्हा प्रघात होता. १९२५ च्या सुमारास विद्युत् मुद्रण आले, तरी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांतच संपे. दीर्घवादी तबकडी (एलपी) १९४८ ची.

जुन्या मुद्रणांतील द्रुत लय ही या छोट्या बाजूंमुळे लादली गेली, की तीच मूळ परंपरा, हा वाद महत्त्वाचा आहे. माहलरच्या पाचव्या सिंफनीतील ‘अडाजिएत्तो’ ही केवळ तंतुवाद्ये व हार्प यांची मूव्हमेंट (सिंफनीचा एक भाग) संचालक मेंगेलबर्गने १९२६ मध्ये सुमारे ७ मिनिटांत संपवली. संचालक हायटिंकच्या १९८८ च्या बर्लिन मुद्रणात ती जवळजवळ दुप्पट लांबते. तबकडीच्या दोन बाजूंत बसवण्यासाठी घाई झाली, असे एक मत. मात्र संचालक ब्रूनो वॉल्टरने १६ जानेवारी १९३८ रोजी व्हिएन्नात केलेले माहलरच्या नवव्या सिंफनीचे मुद्रण याविरुद्ध साक्ष देते. ते प्रत्यक्ष मैफलीचे असून २० बाजूंवर निघाले. म्हणजे बाजू संपली म्हणून वादन थांबत नव्हते. तरीही अखेरची संथ मूव्हमेंट १८ मिनिटांच्या आसपास आटोपते. संचालक बर्नस्टाइनच्या १९८५ च्या ॲमस्टरडॅम मुद्रणात तिलाच अर्धा तास लागतो. मेंगेलबर्ग व वॉल्टर दोघेही माहलरच्या निकट सहवासातले. नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोगही १९१२ मध्ये वॉल्टरनेच केला. त्यामुळे द्रुत लयीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ‘अडाजिएत्तो’वर माहलरने स्वतः ‘फार संथ’ असे लिहिले आहे, ही अडचण मात्र उरतेच.

पाठभेद, म्हणजे एकाच रचनेच्या छापील आवृत्त्यांतील फरक, हा दुसरा प्रश्न. ब्रुकनरच्या आठव्या सिंफनीच्या, संपादक हासने काढलेल्या आवृत्तीत (१९३९) १८९० च्या पाठात १८८७ चे काही अंश मिसळले आहेत. नंतरचा संपादक नोवाकने (१९५५) ते वगळले. संचालकांपैकी कारायान हासची आवृत्ती वाजवतो, योखुम नोवाकची. अडाजिओतले (संथ मूव्हमेंटमधले) १० बार (तालाची आवर्तने) हासच्या आवृत्तीत ऐकू येतात, नोवाकच्या आवृत्तीत नाहीत. हा फरक संचालकाच्या माथी मारू नये. माहलरच्या सहाव्या सिंफनीत मधल्या दोन मूव्हमेंटांचा क्रमच वादग्रस्त आहे : १९०६ च्या एसेन येथील पहिल्या प्रयोगात अंदान्ते (संथ मूव्हमेंट) आधी, १९६३ च्या चिकित्सक आवृत्तीत स्केर्त्सो (चपळ मूव्हमेंट) आधी.

वाद्यमांडणीकडेही कान हवा. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीच्या शेवटच्या मूव्हमेंटची आरंभीची धून पहिल्या व दुसऱ्या व्हायोलिनांत स्वरागणिक वाटलेली आहे. कोणताही एक गट ती सलग वाजवत नाही. दोन्ही गट समोरासमोर बसवलेल्या स्टीरिओ मुद्रणात ती डावी-उजवीकडे हेलकावते. मोनोमध्ये (एकाच ध्वनिमार्गाच्या मुद्रणात) मात्र एकच सरळ धून ऐकू येते.