यादीत घटक जोडणे (प्रोग्रामिंग)

यादी, म्हणजेच लिस्ट, ही घटकांचा क्रम राखून ठेवणारी रचना आहे. गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत तिच्यात भर घालण्याच्या अनेक रीती आहेत. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ही भाषा असल्याने सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांनाही त्या परिचित आहेत.

बेळगाव आणि खानापूर या रेल्वे स्थानकांची यादी घेतली, तर ‘अपेंड’ने लोंढा तिच्या शेवटी जोडता येते. देसूर मात्र बेळगावच्या लगेच पुढे यायला हवे. त्यासाठी ‘इन्सर्ट’ला १ हे स्थान द्यावे लागते, कारण मोजणी शून्यापासून होते. तिनईघाट आणि कॅसलरॉक यांची वेगळी यादी ‘एक्स्टेंड’ला दिल्यास दोन्ही स्थानके सुटी सुटी जोडली जातात, तीच यादी ‘अपेंड’ला दिली, तर ती अख्खी एक घटक होऊन मूळ यादीच्या पोटात शिरते. ‘एक्स्टेंड’ला ‘लोंढा’ हा नुसता शब्द दिला, तर ल, ओकाराची खूण, अनुस्वार, ढ आणि काना असे पाच घटक वाढतात. रोमन अक्षरांच्या उदाहरणांवर शिकलेल्याला हा प्रकार सहसा ठाऊक नसतो.

अधिक चिन्हाने दोन याद्या जोडल्यास नवी यादी तयार होते, तर अधिक-बरोबर या चिन्हाने जुनीच यादी वाढते.

पायथनची प्रचलित अंमलबजावणी यादीसाठी थोडी जास्तीची जागा आधीच राखून ठेवते, त्यामुळे ‘अपेंड’ला यादी कितीही लांब असली तरी सरासरी सारखाच वेळ लागतो. याउलट आरंभी ‘इन्सर्ट’ करताना पुढचे सर्व घटक एकेक जागा सरकवावे लागतात. असे वारंवार करायचे असेल तर यादीऐवजी ‘डेक’, म्हणजे दोन्ही टोकांना झटपट घटक जोडता येणारी रचना, वापरणेच योग्य. जावास्क्रिप्टमध्ये शेवटी जोडण्यास ‘पुश’ आणि आरंभी जोडण्यास ‘अनशिफ्ट’ आहे.

आधीच क्रमाने लावलेल्या यादीत पायथनचे ‘इन्सॉर्ट’ नवा घटक योग्य जागी बसवते. मात्र ही योग्य जागा युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, क्रमांकांवरून ठरते. तेथे ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये असल्याने पाळेकर हे आडनाव पावसकरच्या आधी येते, वर्णमालेप्रमाणे मात्र ते नंतर यायला हवे. कन्नड वर्णमालेतही ळ हे अक्षर ह नंतर येत असल्याने कन्नड नावांच्या यादीतही हीच अडचण उद्भवते, आणि दोन्ही भाषांसाठी क्रमाचा नियम स्वतंत्रपणे पुरवावा लागतो.