दावा पुनर्स्थापन

तारखेला वकील किंवा पक्षकार हजर न राहिल्याने फेटाळला गेलेला दिवाणी दावा त्याच न्यायालयाकडे अर्ज करून पुन्हा चालू करून घेणे, याला दावा पुनर्स्थापन म्हणतात. कोर्टात ‘रिस्टोरेशन’ किंवा ‘दावा परत नंबरावर घेणे’ असेही म्हणतात. त्याचा आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ९ (संहितेतील नियमांचा एक गट) हा आहे.

दावा नेमका कोणत्या नियमाखाली गेला, हे आधी पाहावे लागते. पुकाऱ्याला, म्हणजे दाव्याचे नाव पुकारले जाते तेव्हा, दोन्ही बाजू गैरहजर असतील तर नियम ३ लागतो. अशा वेळी वादीला नियम ४ नुसार पुनर्स्थापनाचा अर्ज करता येतो किंवा मुदतीत असल्यास नवा दावाही लावता येतो. प्रतिवादी हजर आणि वादीकडचे कोणीच नाही, अशा स्थितीत नियम ८ नुसार दावा फेटाळला जातो. मग त्याच कारणावरून नवा दावा चालत नाही आणि नियम ९ चा अर्ज हाच मार्ग उरतो. वाटपाच्या दाव्याचे मात्र वेगळे आहे. जमीन एकत्र आहे तोवर वाटप मागण्याचे कारण संपत नाही, म्हणून तो पुन्हा लावता येतो. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेच्या साठेखतावरून लावलेल्या दाव्याला ही सवलत नाही. तो नियम ८ खाली गेला आणि परत नंबरावर आला नाही, तर विसाराचे पैसे देऊन बसलेल्या माणसाच्या हातून व्यवहारच जातो.

मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद १२२ नुसार या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे, आणि ती दावा फेटाळल्याच्या तारखेपासून मोजली जाते. पक्षकाराला कधी कळले, यावर ती अवलंबून नाही. खरी अडचण इथेच आहे. दावा फेटाळल्याचे वादीला न्यायालय स्वतंत्रपणे कळवत नाही. वकिलाने सांगितले नाही तर गावाकडचा माणूस पुढच्या तारखेची वाट पाहत राहतो. नाशिकला जुन्या आग्रा रोडवरच्या जिल्हा न्यायालयात खेपा न घालताही ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून दाव्याची स्थिती पाहता येते. प्रत्येक पक्षकाराने हा क्रमांक वकीलपत्र देतानाच मागून घ्यावा.

३० दिवस उलटले असतील तर मुदत अधिनियमाच्याच कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. भूसंपादन जिल्हाधिकारी, अनंतनाग विरुद्ध काटिजी (१९८७) या निकालानंतर अशा अर्जांकडे उदारपणे पाहण्याची पद्धत रूढ झाली. तरीही विलंबाचे कारण द्यावेच लागते.

पुनर्स्थापनाचा अर्ज किरकोळ दिवाणी अर्ज म्हणून वेगळा नोंदवला जातो. नियम ९ च्या अर्जात विरुद्ध बाजूला नोटीस काढल्याशिवाय आदेश होत नाही. सिद्ध करायचे असते ते ‘पुरेसे कारण’, आणि तेही ज्या दिवशी दावा फेटाळला त्या दिवसाचे. आधीच्या तारखांना झालेली गैरहजेरी इथे उकरून काढायची नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने जी. पी. श्रीवास्तव प्रकरणात (२०००) एकतर्फी (प्रतिवादीच्या गैरहजेरीत झालेल्या) हुकूमनाम्याच्या संदर्भात सांगितले. जिल्ह्यातले वकील एकाच दिवशी नाशिक आणि निफाड, सिन्नर अशा ठिकाणी कामे घेतात. ‘साहेब दुसऱ्या कोर्टात होते’ हे कारण म्हणून सर्रास लिहिले जाते. नुसत्या वाक्याने भागत नाही. त्या दिवशीच्या दुसऱ्या कोर्टातल्या रोजनाम्याची (कामकाजाच्या रोजच्या नोंदीची) नक्कल जोडली की त्याच वाक्याला वजन येते. आजारपण असेल तर दाखला आणि वकिलाचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडावे.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला का, हा प्रश्न रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) या निकालात थेट आला. वकील नेमून, फी देऊन निर्धास्त झालेल्या खेडुताने वकील कोर्टात जातो की नाही यावर पहारा ठेवावा, अशी अपेक्षा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ही भूमिका न्याय्यच आहे, पण तिची ढाल करून वर्षानुवर्षे चौकशीच न करणाऱ्याला संरक्षण मिळत नाही. सलील दत्ता प्रकरणात (१९९३) न्यायालयाने स्पष्ट केले की वकिलाची चूक दरवेळी माफ व्हावी असा सरसकट नियम नाही. तिथे पक्षकार खेडूत नव्हता, कंपनी होती. वकिलांच्या संपामुळे झालेल्या गैरहजेरीत पक्षकाराला सोसावा लागणारा खर्च वकिलावर टाकता येतो, असे रॅमन सर्व्हिसेस प्रकरणात (२०००) ठरले.

अर्ज मंजूर करताना न्यायालय बहुधा अर्जदाराला विरुद्ध बाजूचा खर्च द्यायला लावते. दावा पुनर्स्थापित झाला की पूर्वीचा मनाई हुकूमही सामान्यतः पुन्हा लागू होतो. वरीद जेकब प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तसे ठरवले. आदेशात तो वगळला असेल तर मात्र नाही, म्हणून आदेशाची नक्कल नीट वाचावी. नियम ९ चा अर्ज नामंजूर झाल्यास आदेश ४३ नियम १(सी) खाली अपील आहे. गैरहजेरीत फेटाळलेल्या अपिलासाठी आदेश ४१ नियम १९ ची वेगळी तरतूद आहे.

चेक न वटल्याच्या खटल्यांना यातले काही लागू नाही. फिर्यादी गैरहजर राहिला म्हणून आरोपी सुटला, तर न्यायदंडाधिकाऱ्याला तो खटला परत नंबरावर घेण्याचा अधिकार नाही. गौराया प्रकरणाने (१९८६) हे पक्के केले. तिथे फिर्यादीला वरच्या न्यायालयातच जावे लागते.