निवासमंडप, अरादचा धूप आणि ख्रिस्ती प्रतीके

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा नववा अध्याय वाचायचा तर हाताशी एक नकाशा हवा. पत्राचा लेखक दीपवृक्ष, समर्पित भाकरी, अंतरपट, दयासन यांची नावे घेतो, ‘त्यांच्याविषयी आता सविस्तर सांगता येत नाही’ असे म्हणतो आणि थेट येशूच्या मृत्यूकडे वळतो. त्याच्या वाचकांना त्या वस्तू पाठ होत्या. आपल्याला नाहीत. म्हणून प्रतीकांचा अर्थ लावण्याआधी त्या वस्तू जिथे होत्या तो निवासमंडप, म्हणजे इस्राएल लोकांचे तंबूचे पूजास्थान, कसा होता आणि तिथे काय चाले, हे पाहणे भाग आहे.

जुन्या करारातल्या निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाची मापे हातांमध्ये दिली आहेत. एक हात सुमारे ४५ सेंटिमीटर धरला तर अंगण १०० बाय ५० हात, म्हणजे साधारण ४५ बाय २२ मीटर भरते. भोवती ५ हात उंचीची तागाची कनात आणि पूर्वेला २० हात रुंदीचे एकच प्रवेशद्वार. आत आल्यावर आधी होमवेदी, मग याजकांचे हातपाय धुण्याचे पितळी गंगाळ आणि त्यामागे प्रत्यक्ष मंडप. मंडपाची लांबी कुठेही थेट सांगितलेली नाही, ती काढावी लागते. एका बाजूला दीड हात रुंदीच्या २० फळ्या, म्हणून ३० हात. छताच्या दहा पडद्यांपैकी प्रत्येक ४ हात रुंद. पाच-पाच पडदे एकत्र शिवून दोन भाग केलेले आणि ते भाग सोन्याच्या आकड्यांनी जोडलेले. अंतरपट, म्हणजे आतली खोली वेगळी करणारा पडदा, याच आकड्यांखाली टांगायचा, म्हणजे दारापासून २० हातांवर. उरले १० हात. परमपवित्रस्थान, म्हणजे पडद्यामागची ती सर्वांत आतली खोली, १० बाय १० बाय १० हातांचा घन होता, तो असा. नव्या करारातल्या प्रकटीकरण या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातली नवी यरुशलेम नगरी लांबी, रुंदी आणि उंचीला सारखी आहे, ती याच मापाच्या आठवणीतून. तिथे सगळे नगरच परमपवित्रस्थान झाले आहे, म्हणून लेखकाला त्यात मंदिर दिसत नाही.

असा तंबू सीनायच्या वाळवंटात सापडलेला नाही, आणि हे वर्णन पुष्कळ नंतरच्या याजक-लेखकांनी पक्के केले असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण अंगण, दालन आणि अगदी आतला पवित्र कोपरा अशी रचना असलेले यहूदाच्या राज्यातले एक मंदिर जमिनीत सापडले आहे. इस्रायलमधल्या नेगेव वाळवंटाच्या उत्तर भागात अराद इथल्या किल्ल्यात पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांच्या उत्खननात १९६० च्या दशकात ते उघडे झाले. ते इ.स.पू. आठव्या शतकातले. प्रवेश पूर्वेकडून, अंगणात न घडवलेल्या दगडांची वेदी, आत आडवे दालन आणि पश्चिमेच्या भिंतीत कोनाड्यासारखी छोटी खोली. तिच्या तोंडाशी चुनखडीच्या दोन धूपवेदी होत्या, एक सुमारे ५२ सेंटिमीटर उंच, दुसरी ४०. दोन्ही कुणीतरी काळजीपूर्वक आडव्या करून पुरल्या होत्या. यहूदाच्या हिज्कीया राजाने यरुशलेमबाहेरची पूजास्थाने बंद केली, त्याच्याशी याचा संबंध अनेकजण जोडतात.

या वेदींच्या माथ्यावर काळे थर चिकटून राहिले होते. त्यांचे रासायनिक विश्लेषण २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मोठ्या वेदीवर बॉस्वेलिक आम्ल मिळाले. ते बॉस्वेलिया जातीच्या झाडांच्या डिंकात असते. मेळघाट-सातपुड्यातली सालई याच कुळातली, पण अरादला हा डिंक दक्षिण अरबस्तानातून आला असणार. तो प्राण्यांच्या चरबीत मिसळला होता, कारण चांगला वास सुटायला त्याला सुमारे २६० अंश सेल्सियस उष्णता लागते आणि चरबीच्या जाळावर ती मिळते. लहान वेदीवर मात्र गांजाचे अंश निघाले, जनावरांच्या शेणात मिसळलेले. गांजातली द्रव्ये १५० अंशांच्या आतच, मंद धगीवर मोकळी करावी लागतात. थेट ज्वाळेवर टाकला तर ती जळून जातात. शेणाची धग म्हणूनच निवडलेली दिसते.

निर्गमाच्या ३० व्या अध्यायातल्या धुपाच्या कृतीत गांजा नाही. तिथे चार सुगंधी पदार्थ समभाग घ्यायचे, त्यात मीठ घालायचे आणि तसाच धूप स्वतःसाठी केला तर समाजातून बहिष्कार, असा नियम आहे. लिखित विधी आणि सीमेवरच्या किल्ल्यातला प्रत्यक्ष विधी यांत अंतर होते, हे त्या काळ्या थराने दाखवले. ख्रिस्ती परंपरेने पुढे जो अर्थ उचलला तो लिखित विधीतला आहे: स्तोत्र १४१ मध्ये प्रार्थना धुपासारखी वर जाते, आणि प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात देवदूत पवित्र जनांच्या प्रार्थनांबरोबर धूप जाळतो. वसई-गोव्याच्या चर्चमध्ये साखळीच्या धूपपात्रातून निघणारा धूर हाच अर्थ सांगतो. शेजारी पेटती ठेवलेली वेदीची दिवलीही निवासमंडपातल्या दीपवृक्षाची आठवण म्हणून समजावली जाते.

सर्वांत वजनदार प्रतीक मात्र अंतरपटाचे. लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायानुसार प्रायश्चित्ताच्या दिवशी, वर्षातून एकदाच, प्रमुख याजक पडद्याआड जाई. आधी निखारे आणि ओंजळभर धूप आत न्यायचा, म्हणजे धुराने दयासन झाकले जाईल. हा क्रम चुकला तर मृत्यू, असे तिथे बजावले आहे. मग गोऱ्ह्याचे आणि नंतर बकऱ्याचे रक्त बोटाने शिंपडायचे. दयासन म्हणजे परमपवित्रस्थानातल्या कराराच्या कोशावरचे, त्या पवित्र पेटीवरचे, अडीच बाय दीड हाताचे सोन्याचे झाकण. येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला असे शुभवर्तमाने सांगतात, आणि इब्री लोकांस पत्र त्या पडद्याला येशूचा देह म्हणते. रोमकरांस पत्रात प्रेषित पौल खुद्द येशूसाठीच दयासनाचा शब्द वापरतो. इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पौलाच्या काळी यरुशलेमच्या मंदिरात कोशही नव्हता आणि दयासनही नव्हते. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने पहिले मंदिर जाळल्यानंतर कोशाचा मागच नाही. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे आत घुसला तेव्हा ती खोली त्याला मूर्तीविना दिसली. सुमारे साडेसहाशे वर्षे रिकाम्या असलेल्या जागेबद्दल पौल लिहीत होता. त्याच्या वाक्याचा जोर मला तरी त्या रिकामपणामुळेच कळतो.

याच पडद्याबद्दल प्रवचनांत ‘तो चार बोटे जाड होता’ असे ठासून सांगतात. ती माहिती मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातली आहे: एक मूठ जाडी, ४० बाय २० हात आकार आणि तो धुवायला ३०० याजक. एवढ्या जाडीचे कापड काही टन भरेल. मिश्नावर भाष्य करणाऱ्या खुद्द तालमूदनेच हे वर्णन अतिशयोक्तीत मोजले आहे. शुभवर्तमानांत जाडीचा उल्लेखच नाही.

रंगांचेही तसेच. निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त, ही मांडणी सर्रास ऐकू येते. जांभळ्याचा राजांशी संबंध खरा आहे, त्याचे कारण किंमत. हा रंग समुद्री गोगलगायींच्या ग्रंथीतून थेंबाथेंबाने निघतो. द्रावण उन्हात ठेवले तर ब्रोमीन सुटून तोच रंग निळा होतो. किरमिजी रंग ओकच्या झाडांवरच्या किड्यांपासून निघतो. पण पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस मंदिराच्या पडद्यातल्या रंगांना विश्वाची मूलतत्त्वे म्हणतो: किरमिजी अग्नी, ताग पृथ्वी, निळा हवा, जांभळा समुद्र. त्याने ते मंदिर उभे असताना पाहिले होते. ख्रिस्ती अर्थ त्यानंतरचा आहे, एवढे लक्षात ठेवून तो सांगावा.

सर्वांत सैल दावा मंडपाभोवतीच्या इस्रायलच्या छावणीचा. गणना पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात मंडपाच्या पूर्वेला १,८६,४००, दक्षिणेला १,५१,४५०, उत्तरेला १,५७,६०० आणि पश्चिमेला १,०८,१०० पुरुष आहेत. पूर्वेची बाजू लांब, पश्चिमेची आखूड, म्हणून वरून पाहता क्रूस दिसे, असे म्हणतात. आकडे बरोबर आहेत, पण क्रूस हवा तर चारही गटांनी सारख्याच अरुंद पट्ट्यात तंबू ठोकले असे धरावे लागते. पट्ट्याची रुंदी मूळ मजकुरात नाही. गटांनी बाजूंना पसरून तंबू ठोकले तर आकार चौकोनी होतो.

याउलट पितळी सापाचे प्रतीक भक्कम आहे, कारण ते नव्या करारातच आहे. मोशेने खांबावर साप उंचावला तसे मनुष्याच्या पुत्राला उंचावले जाईल, असे योहानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. दक्षिण इस्रायलमधल्या तिम्नाच्या तांब्याच्या खाणींजवळ १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ बेनो रोथेनबर्ग यांना हॅथोर देवीच्या जुन्या इजिप्शियन देवळावर उभारलेल्या तंबूचे लाल-पिवळ्या कापडाचे अवशेष मिळाले. सोबत सोनेरी डोक्याचा तांब्याचा छोटा साप. हे पूजास्थान इस्रायली नव्हे, मिद्यानी लोकांचे, इ.स.पू. बाराव्या शतकाच्या आसपासचे. मोशेचा सासरा मिद्यानी याजक होता असे निर्गम सांगते, म्हणून हा शोध अभ्यासकांना इतका मोलाचा वाटतो. यरुशलेममध्येही असाच साप लोक पूजत होते. त्याचे नाव नहुश्तान. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले म्हणून हिज्कीयाने तो फोडून टाकला.